‘सी’ भाषा व तिच्यांतील इष्ट सुधारणा

गेल्या वर्षीं आमच्या वर्गांतील एका विद्यार्थिनीनें मोठ्या हौसेनें ‘सी’ या संगणकाच्या भाषेंत एक लहानशी आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, तयार केली. वर्गांतील मुलांचे गणिताचे गुण क्रमानें घ्यावयाचे, ते सांठवून ठेवावयाचे आणि शेवटीं नापास झालेल्यांची संख्या सांगावयाची, एवढेंच त्या आज्ञावलीचें काम. वर्गांत तेव्हां ४० मुलें होतीं. म्हणून तिनें गुणांसाठीं ४० खण राखून ठेविले. सहामाहीनंतर एक नवा विद्यार्थी दाखल झाला. तिनें मुलांची संख्या ४१ केली, परंतु खण वाढवावयाचे मात्र विसरली. नव्या मुलाला ६७ गुण मिळाले होते. आज्ञावली कोणतीही तक्रार न करितां चालली व तिनें पडद्यावर उत्तर दिलें, ‘नापास विद्यार्थी ६७.’ ४१ मुलांच्या वर्गांत ६७ नापास! सारा वर्ग हंसला आणि ती बिचारी खजील झाली.

झालें होतें तें असें. गुणांचे ४० खण जेथें संपत होते त्याला लागूनच नापासांच्या संख्येचा खण होता. ४१ वा गुण ठेवावयास जागा नव्हती. परंतु ‘जागा नाहीं’ असें यंत्रानें सांगितलें नाहीं. त्यानें तो गुण निमूटपणें पुढच्या खणांत टाकला, आणि तेथें असलेला ३ हा खरा आंकडा पुसला गेला. हंसूं ओसरल्यावर मीं मुलांना एक प्रश्न विचारला. त्या मुलाला ६७ ऐवजीं ४ गुण मिळाले असते तर काय झालें असतें? प्रथम त्या खणांत ४ हा आंकडा पडला असता. मग तो मुलगा स्वतः नापास म्हणून त्यांत १ मिळविला गेला असता, आणि पडद्यावर ‘नापास विद्यार्थी ५’ असें उमटलें असतें. खरी संख्या ४. परंतु ५ हा आंकडा पाहून संशय कोणाला आला असता? जी चूक पाहून हंसूं येतें ती परवडली; जी चूक खऱ्यासारखी दिसते ती घातक होय.

या लहानशा प्रसंगांत सी भाषेचा सारा स्वभाव प्रगट झाला आहे. मुलीला खण ४० आहेत हें ठाऊक होतें, व तिनें तें लिहिलेंही होतें. परंतु ऐन कामाच्या वेळीं त्या माहितीचा उपयोग करून तिला सावध करण्याचें बंधन भाषेनें यंत्रावर घातलें नव्हतें. लिहिणाऱ्याला जें ठाऊक आहे तें भाषेंत नोंदवितां यावें आणि यंत्रानें त्याचा पडताळा पाहावा, ही एकच गोष्ट साधली तर या भाषेंतील बहुतेक उणिवा दूर होतील. ती कशी साधतां येईल, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

तळमजल्याची भाषा

प्रथम कोणी विचारील कीं, आतां इतक्या नव्या भाषा असतांना ५० वर्षांहून जुन्या भाषेची चिंता कशाला? आपल्यापैकीं पुष्कळांनीं पायथन भाषेचा आरंभ केला असेल. ती पायथन भाषा समजून घेऊन चालविणारी सर्वांत प्रचलित आज्ञावली स्वतः सी भाषेंत लिहिलेली आहे. अँड्रॉइड जातीच्या मोबाइल फोनच्या तळाशीं लिनक्सचा गाभा असतो. तोही बहुतांशीं सी भाषेंतच आहे. कपडे धुण्याच्या यंत्रांतील किंवा विजेच्या मीटरमधील चिमुकल्या नियंत्रकांस ज्या आज्ञा दिलेल्या असतात, त्याही पुष्कळ वेळां याच भाषेंत असतात.

याचें कारण असें कीं, सी ही यंत्राच्या अगदीं निकटची भाषा आहे. इमारतीच्या वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांस पाया दिसत नाहीं. परंतु कोणीतरी पायांत उतरून काम केलेलें असतेंच. मेमरीचा, म्हणजे यंत्राच्या स्मरणाचा, कोणता खण कोणास द्यावयाचा, तबकडीवर कोणता बाइट कोठें लिहावयाचा, तारेवरून आलेला संदेश कसा उलगडावयाचा, हीं कामें तळमजल्याचीं होत. तेथें चूक झाली तर तिचे तडे सर्व मजल्यांना जातात.

जन्म आणि स्वभाव

या भाषेचा जन्म अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत, मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेंत झाला. तेथें केन टॉमसन व डेनिस रिची हे युनिक्स नांवाची संगणक-व्यवस्था उभारीत होते. टॉमसन यांनीं केंब्रिजचे मार्टिन रिचर्ड्स यांच्या ‘बीसीपीएल’ भाषेवरून ‘बी’ नांवाची एक आटोपशीर भाषा बनविली होती. तिच्यांत सुधारणा करून रिची यांनीं १९७२ च्या सुमारास जी भाषा सिद्ध केली तीच ही ‘सी’. १९७३ सालीं युनिक्सचा गाभा या भाषेंत पुन्हा लिहिण्यांत आला, आणि तेव्हांपासून तिचा प्रसार झपाट्यानें झाला.

तो काळ काटकसरीचा होता. युनिक्ससाठीं मिळालेल्या पहिल्या पीडीपी-११ यंत्रांत अवघी सुमारें २४ हजार बाइट मेमरी होती. तींपैकीं १६ हजार व्यवस्थेलाच लागत व ८ हजार वापरणाऱ्यांच्या वांट्यास येत. आजच्या मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्रास याच्या सहज शंभरपट जागा लागते. अशा स्थितींत प्रत्येक खण उघडतांना ‘हा खण खरोखर आपलाच ना?’ असें विचारीत बसणें परवडणारें नव्हतें. शिवाय लिहिणारे मोजके, सर्व जाणते, आणि शेजारच्याच खोलींत बसणारे. त्यांच्यावर विश्वास टाकणें स्वाभाविक होतें.

पुढें १९८९ सालीं अमेरिकेच्या मानक-मंडळानें या भाषेचें प्रमाण रूप ठरविलें, तेव्हां तिच्या परंपरेचीं जीं तत्त्वें नमूद केलीं, त्यांत ‘लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवा’ हें एक प्रमुख होतें. आपल्याकडे विनोदानें म्हणतात कीं, विश्वास तर पानिपतावरच गेला! सी भाषेचीं पानिपतें कोणतीं झालीं व त्यांवरून काय शिकावयाचें, तें आतां पाहूं.

पहिली सुधारणा: लांबी जाणणारा पॉइंटर

मेमरी म्हणजे क्रमांक घातलेल्या खणांची एक लांबच लांब ओळ समजा. एकजातीच्या खणांची जी सलग रांग, तिला अ‍ॅरे म्हणतात. आणि एखाद्या खणाचा क्रमांक ज्यांत नोंदलेला असतो त्यास पॉइंटर म्हणतात. सी भाषेंत एखादी रांग दुसऱ्या उप-आज्ञावलीकडे सोंपविली कीं तिच्या हातीं केवळ पहिल्या खणाचा क्रमांक जातो. रांग किती लांब आहे ही माहिती वाटेंतच गळून पडते. एखाद्या चाळींत आपलें बिऱ्हाड आहे, आणि पाहुण्यास आपण पहिल्या खोलीचा क्रमांक सांगितला, पण आपल्या खोल्या दोन कीं तीन तें सांगितलें नाहीं, तर तो शेजाऱ्याच्या घरांत शिरेल यांत नवल काय?

सी भाषेच्या जुन्या ग्रंथालयांत ‘गेट्स’ नांवाची एक आज्ञा होती. बाहेरून आलेली अक्षरांची ओळ घेऊन ती दिलेल्या जागेंत ठेवावयाची, हें तिचें काम. परंतु जागा किती आहे हें तिला सांगण्याची मुळीं सोयच नव्हती. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं अमेरिकेंत एका विद्यार्थ्यानें सोडलेली एक आज्ञावली आपण होऊन एका संगणकांतून दुसऱ्यांत शिरत सुटली. ती पुढें ‘मॉरिस वर्म’, म्हणजे मॉरिसचा किडा, या नांवानें प्रसिद्ध झाली. तिच्या शिरण्याच्या वाटांपैकीं एक वाट हीच होती. ५१२ बाइटांच्या जागेंत तिनें ५३६ बाइट पाठविले, आणि जास्तीच्या बाइटांनीं पलीकडच्या खणांत घुसून यंत्राचा ताबा घेतला. त्या वेळच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ६,००० यंत्रें तिनें जर्जर केलीं. एवढें होऊनही ‘गेट्स’ ही आज्ञा प्रमाण भाषेंतून काढून टाकावयास २०११ साल उजाडावें लागलें.

याहून मोठा प्रसंग ७ एप्रिल २०१४ रोजीं जगासमोर आला. इंटरनेटवरील गुप्त संभाषणासाठीं ‘ओपनएसएसएल’ नांवाची सी भाषेंतील आज्ञावली असंख्य ठिकाणीं वापरीत असत. तींत एक साधा शिष्टाचार होता. एका बाजूनें कांहीं अक्षरें पाठवावयाचीं व तीं किती आहेत तें सांगावयाचें. दुसऱ्या बाजूनें तितकींच अक्षरें परत पाठवून ‘मी जागा आहें’ असें कळवावयाचें. परंतु पाठविणाऱ्यानें अक्षर एकच पाठवून ‘हीं ६५,५३५ आहेत’ असें खोटें सांगितलें तर? उत्तर देणारी आज्ञावली त्या बोलण्यावर विश्वास ठेवी, आणि त्या एका अक्षराच्या पलीकडील खणांत जें असेल तें उचलून पाठवून देई. त्या खणांत लोकांचे परवलीचे शब्द असत. क्वचित् गुप्त किल्ल्याही असत. दोन वर्षे हें छिद्र कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें. यालाच ‘हार्टब्लीड’ असें नांव पडलें.

यावर उपाय असा कीं, पॉइंटर आणि लांबी यांची कायमची गांठ मारावी. भाषेंत असा एक पॉइंटर असावा कीं जो जेथें जाईल तेथें आपली लांबी बरोबर नेईल. आणि ४० खणांच्या रांगेंतील ४१ वा खण कोणी मागतांच यंत्रानें तेथेंच थांबून तसें सांगावें. नवल असें कीं, खुद्द रिची यांनींच १९९० सालीं एका लेखांत अशा स्वरूपाची सूचना केली होती. वॉल्टर ब्राइट यांनीं २००९ सालीं, रांगेची लांबी गळून पडणें हीच या भाषेची सर्वांत मोठी चूक होय, असें प्रतिपादन करून तीच मागणी पुन्हा मांडली. प्रमाण भाषेंत मात्र ती अद्याप आलेली नाहीं. तथापि कंपाइलर, म्हणजे आपली भाषा यंत्राच्या भाषेंत उतरविणारी आज्ञावली, रचणारे लोक त्या दिशेनें चालूं लागले आहेत. ‘या रांगेची लांबी अमुक ठिकाणीं नोंदली आहे’ असें लिहिण्याची एक सोय २०२५ सालच्या जीसीसी १५ या कंपाइलरमध्यें आली आहे.

पडताळ्याला वेळ लागतो, हा यावरील नेहमींचा आक्षेप. या बाबतींत टोनी होअर यांनीं १९८० सालच्या आपल्या ट्यूरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानांत सांगितलेली हकीकत मनन करण्यासारखी आहे. त्यांनीं एलियट कंपनीच्या यंत्रांसाठीं अल्गॉल भाषेचा जो कंपाइलर बनविला, त्यांत रांगेच्या प्रत्येक खणाचा पडताळा होत असे. पुढें कांहीं वर्षांनीं ग्राहकांस विचारण्यांत आलें कीं, वेग वाढावा म्हणून हा पडताळा बंद करण्याची सोय देऊं काय? सर्वांनीं एकमुखानें नको म्हणून सांगितलें. आपल्या हातून किती चुका होतात, हें त्यांस त्या पडताळ्यानेंच दाखवून दिलें होतें.

दुसरी सुधारणा: हिशेबांतील ओसंड

मोटारीच्या अंतर दाखविणाऱ्या जुन्या मीटरवर ९९,९९९ नंतर पुन्हा ००,००० येई, हें कित्येकांनीं पाहिलें असेल. संगणकांतील संख्यांचेंही असेंच आहे. ३२ बिटांच्या खणांत ऋण संख्या नको असल्यास ० पासून ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत संख्या मावतात. त्यापुढें १ मिळविला कीं पुन्हा शून्य.

आतां असें समजा कीं, एका आज्ञावलीला १,०७,३७,४१,८२५ संख्या ठेवावयाच्या आहेत आणि प्रत्येकीस ४ बाइट लागतात. गुणाकार होतो ४,२९,४९,६७,३००. हा त्या खणांत मावत नाहीं. कांटा फिरून पुढें जातो आणि शिल्लक राहते केवळ ४. म्हणजे एक अब्जाहून अधिक संख्यांसाठीं आज्ञावली यंत्राकडे ४ बाइट मागते. यंत्र तत्काळ ४ बाइट देतें, आणि आज्ञावली निःशंकपणें पलीकडच्या सर्व खणांवर लिहीत सुटते. विहिरीचा हिशेब चुकून वाटीचा झाला, आणि कोणास कळलेंही नाहीं!

ज्या संख्या ऋणही असूं शकतात त्यांची स्थिति याहून बिकट आहे. त्यांत असा ओसंड झाला तर काय व्हावें हें भाषेनें ठरविलेलेंच नाहीं. आणि कंपाइलर असें धरून चालतो कीं, जें ठरविलेलें नाहीं तें कधीं घडणारच नाहीं. समजा एखाद्या सावध लेखकानें लिहिलें, ‘या संख्येंत १ मिळवून ती पूर्वीपेक्षां लहान झाली, तर थांब.’ कंपाइलर म्हणतो, १ मिळवून संख्या लहान होणें शक्यच नाहीं. म्हणून ही अट व्यर्थ आहे. आणि तो ती अट काढूनच टाकूं शकतो. पहारेकरी ठेवावा, आणि चोर येणार नाहींत असें गृहीत धरून कारभाऱ्यानें त्यास घरीं पाठवावें, त्यांतलाच हा प्रकार.

२०२३ च्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या व २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रमाण आवृत्तींत या बाबतींत एक चांगलें पाऊल पडलें आहे. बेरीज, वजाबाकी व गुणाकार करून ‘उत्तर मावलें कीं नाहीं’ हेंही सांगणाऱ्या आज्ञा तींत आल्या आहेत. परंतु साधें अधिक चिन्ह पूर्वीसारखेंच राहिलें. सावधपणासाठीं निराळे श्रम घ्यावे लागतात. खरी सुधारणा याच्या उलट असावी. साधें चिन्ह सावध असावें, आणि जेथें मीटरसारखें फिरून शून्यावर येणेंच हवें असेल, तेथें लिहिणाऱ्यानें तसें निराळ्या चिन्हानें सांगावें. २०१४ सालीं निघालेल्या स्विफ्ट भाषेंत नेमकी हीच व्यवस्था आहे.

तिसरी सुधारणा: निघतांनाची आज्ञा

प्रयोगशाळेंत शिरतांना आपण गॅसची कळ उघडतों. निघतांना ती बंद केलीच पाहिजे. मधून कोणी बोलावलें, प्रयोग फसला, घंटा झाली, तरी बंद केलीच पाहिजे. तळमजल्यावरील आज्ञावल्यांतही असेंच असतें. मेमरी घेतली तर परत द्यावयाची, कुलूप लाविलें तर काढावयाचें, फाइल उघडली तर मिटावयाची. परंतु सी भाषेंत उप-आज्ञावलींतून बाहेर पडण्याच्या वाटा दहा असल्या, तर हें आवरण्याचें काम दहाही ठिकाणीं ध्यानांत ठेवावें लागतें. यासाठीं लेखक सर्व आवराआवर शेवटीं एका ठिकाणीं लिहितात, आणि कोठेंही अडचण आली कीं ‘गोटू’, म्हणजे ‘तेथें जा’, या आज्ञेनें तेथें उडी मारतात.

फेब्रुवारी २०१४ मध्यें अ‍ॅपल कंपनीच्या यंत्रांतील गुप्त संभाषणाच्या आज्ञावलींत एक दोष उघड झाला. ‘अडचण आली तर शेवटीं जा’ अशा अर्थाच्या ओळींत ‘शेवटीं जा’ ही ओळ चुकून दोनदां पडली होती. पहिलीस अट होती. दुसरीस ती लागूच होत नव्हती. त्यामुळें अडचण असो वा नसो, आज्ञावली शेवटावर उडी मारी, आणि समोरच्याची सही तपासण्याचा मुख्य भाग वगळला जाई. एका जादा ओळीनें पहारा उठविला! ओळ दोनदां पडणें हा हस्तदोष खरा; परंतु पानोपानीं अशा उड्या लिहावयास लागणें, हेंच अशा हस्तदोषास आमंत्रण होय.

यावर उपाय म्हणजे ‘डिफर’ नांवाची सोय. वस्तु घेतल्याबरोबर पुढच्याच ओळींत लिहावयाचें कीं, ‘येथून निघतांना ही परत कर.’ मग बाहेर पडण्याची वाट कोणतीही असो, ती आज्ञा पाळली जातेच. गो व झिग या भाषांत अशी सोय आहे. सी भाषेच्या २०२३ च्या आवृत्तींत तिला स्थान मिळालें नाहीं. परंतु तिच्यासाठीं निराळें तांत्रिक विवरण तयार करण्याचें काम मंडळानें हातीं घेतलें. दरम्यान जीसीसी कंपाइलरनें दिलेल्या अशाच एका सोयीचा उपयोग लिनक्सच्या गाभ्यांत २०२३ पासून होऊं लागला आहे.

चौथी सुधारणा: बिटांचा नकाशा

यंत्राच्या निकट काम करणाऱ्यास एकेका बिटाशीं व्यवहार करावा लागतो. एखाद्या उपकरणाच्या ८ बिटांच्या खणांत पहिला बिट चालू-बंद दाखवितो, पुढचे तीन वेग सांगतात व उरलेले चार उपकरणाचा क्रमांक देतात, असें समजा. सी भाषेंत हे भाग वेगळे लिहितां येतात खरे, परंतु ते कोणत्या बाजूनें मांडावयाचे हें भाषेनें कंपाइलरवर सोडलें आहे. म्हणून एका यंत्रावर बरोबर चालणारी आज्ञावली दुसऱ्यावर उलट चालूं शकते. आणि सावध लेखक ही सोय टाकून देऊन बिट सरकविण्याचा व झांकण्याचा खटाटोप हातांनींच करतात.

बाइटांचेंही असेंच आहे. २५८ ही संख्या दोन बाइटांत लिहिली तर ती १ गुणिले २५६ अधिक २, अशी होते. १ आधीं ठेवावा कीं २? इंटरनेटच्या संकेतांत मोठा भाग आधीं येतो. इंटेल घराण्याच्या यंत्रांत लहान भाग आधीं येतो. या भेदामुळें युनिक्स दुसऱ्या जातीच्या यंत्रावर नेतांना त्याच्या नांवांतील यू, एन, आय, एक्स हीं अक्षरें एन, यू, एक्स, आय अशीं उमटल्याची गोष्ट संगणक-शास्त्रज्ञांत प्रसिद्ध आहे.

येथेंही उपाय तोच. लिहिणाऱ्याला उपकरणाचा नकाशा ठाऊक असतो; तो जसाच्या तसा भाषेंत लिहितां यावा. ‘हा भाग अमुक बिटापासून अमुक बिटापर्यंत’, ‘ही संख्या मोठा बाइट प्रथम’, एवढें सांगितलें कीं पुढील उलटापालट कंपाइलरनें करावी. अडा भाषेंत बिटांच्या जागा नेमून देण्याची सोय १९८३ च्या प्रमाण आवृत्तीपासून आहे. सी भाषेनेंही २०२३ च्या आवृत्तींत हव्या तितक्या बिटांची संख्या घोषित करण्याची व शून्य-एकांच्या रूपांत संख्या लिहिण्याची सोय आणली आहे; परंतु जागा नेमण्याचें काम अजून बाकी आहे.

मग भाषाच कां बदलूं नये?

हा प्रश्न रास्त आहे. रस्ट या भाषेची पहिली स्थिर आवृत्ति २०१५ सालीं निघाली. वर सांगितलेल्या दोषांपैकीं पुष्कळ तींत रचनेनेंच टाळलेले आहेत. आणि डिसेंबर २०२२ मधील आवृत्तीपासून लिनक्सच्या गाभ्यानेंही तिला दार उघडलें आहे. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनीं २०१९ सालीं सांगितलें कीं, त्यांच्या आज्ञावल्यांत दरवर्षीं दुरुस्त कराव्या लागणाऱ्या सुरक्षेच्या दोषांपैकीं सुमारें ७० टक्के मेमरीच्या गैरवापराचे असतात. तेव्हां नवें काम नव्या भाषेंत करावें, हा विचार चुकीचा नाहीं.

परंतु जुनें घर एका रात्रींत पाडतां येत नाहीं. सी भाषेंत लिहिलेल्या कोट्यवधि ओळी आज चालू आहेत. त्या पुन्हा लिहावयास पिढ्या लागतील, आणि पुन्हा लिहितांना नव्या चुका होतील त्या निराळ्याच. म्हणून राहत्या घराचीच डागडुजी करावी लागते, आणि तीही अशी कीं आंत राहणाऱ्यांस बाहेर पडावें लागूं नये. सुधारणा सावकाश येतात त्याचें कारण हेंच. मानक-मंडळास प्रत्येक नव्या शब्दापूर्वीं पाहावें लागतें कीं, जुनी एखादी आज्ञावली त्यानें मोडणार तर नाहीं ना.

मंडळाची दृष्टि मात्र बदलली आहे. २०११ च्या आवृत्तीचें काम हातीं घेतांना त्यानेंच नमूद केलें कीं, सुरक्षेच्या दृष्टीनें ‘लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवा’ हें ध्येय आतां कालबाह्य झालें आहे. तें अगदींच टाकून देऊं नये, परंतु लिहिणाऱ्यास आपलें काम तपासण्याचें साधन मिळावयास हवें. या वाक्यांत अविश्वास नाहीं. बँकेंतील कारकून प्रामाणिक असला तरी दिवसाच्या शेवटीं रोकड मोजतोच. त्यांत त्याचा अपमान होत नाहीं, उलट त्याची निश्चिंति होते. आईबापांनीं बँकेंत ठेवलेले पैसे, दवाखान्यांतील नोंदी, फोनवरील खाजगी पत्रें, हें सर्व ज्या आज्ञावल्यांच्या हवालीं आहे, त्यांचीही रोकड रोज मोजली जावी, अशी अपेक्षा बाळगण्याचा आपणां सर्वांस अधिकार आहे.

विद्यार्थ्यांनीं मात्र भाषा सुधारण्याची वाट पाहत बसूं नये. कंपाइलरला सर्व इशारे देण्यास सांगावें व एकही इशारा दुर्लक्षूं नये. रांग सोंपवितांना तिची लांबी नेहमीं बरोबर द्यावी. आणि ‘अ‍ॅड्रेस सॅनिटायझर’ नांवाचें जें तपासणीचें साधन प्रमुख कंपाइलरांबरोबर विनामूल्य मिळतें, तें शिकत असतां नेहमीं चालू ठेवावें. त्यानें आज्ञावली थोडी मंद होते. परंतु शिकणाऱ्यास घाई कशाची?

त्या विद्यार्थिनीनें पुढें हेंच केलें. तिची जुनी आज्ञावली, एक अक्षरही न बदलतां, तिनें या साधनासह पुन्हा चालविली. ४० गुण घेऊन होईपर्यंत सर्व सुरळीत चाललें. ४१ वा देतांच यंत्र थांबलें, आणि कोणत्या ओळींत, कोणत्या रांगेच्या बाहेर पाऊल पडलें, तें त्यानें लिहून दाखविलें. तिनें खण ४१ केले. पडद्यावर आलें, ‘नापास विद्यार्थी ३.’ या वेळीं वर्गांत कोणी हंसलें नाहीं. परंतु ती स्वतः हंसली.